मड टायर, उंच केलेली गाडी आणि भाताचं खाचर : हौस कुठपर्यंत, कायदा कुठून?

डोंबिवली : पाऊस लागला की आपल्या भागात दोन प्रकारची चाकं चिखलात उतरतात. एक ट्रॅक्टरची, चिखलणीसाठी. दुसरी थार, जिप्सी, जुन्या जीप आणि हल्ली पिकअपची, हौसेसाठी. मलंगगडाच्या पायथ्याकडून अंबरनाथ, मुरबाडपर्यंत रविवारी कुठेही फिरा, मोठमोठ्या खाचांचे टायर लावलेल्या, बुडाखालून पलीकडचं दिसेल इतक्या उंच केलेल्या गाड्या भेटतील. यातल्या निम्म्या शहरातून येतात असं आपण म्हणतो. पण खरं सांगायचं तर निम्म्या आपल्याच गावच्या पोरांच्या आहेत. जमीन गेली, पैसा आला, गाडी आली. ज्यांची जमीन अजून आहे त्यांच्या शेतात ती गाडी उतरते, आणि तिथून भांडण सुरू होतं.

या विषयावर गावात दोनच मतं ऐकायला मिळतात. म्हातारे म्हणतात बंद करा. पोरं म्हणतात आमची गाडी, आमचे पैसे. दोन्ही बाजूंना गाडीत नेमकं काय बदलतं, कायदा काय म्हणतो आणि शेताचं काय होतं, हे नीट माहीत नसतं. म्हणून हे सगळं एकदा मांडतो.

आधी टायर. चिखल एका जातीचा नसतो, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. भाताच्या खाचरात वर वीतभर लोणी आणि खाली घट्ट थर असतो. तिथे अरुंद, उंच आणि खोल खाचांचा टायर चालतो, कारण तो वरचा गाळ कापून खालच्या थराला पकडतो. खाडीकडचा चिखल वेगळा, तिथे खाली आधारच नाही. तिथे रुंद टायर, हवा कमी केलेला, वजन पसरवत तरंगल्यासारखा जातो. मड टायरच्या गोट्या मोठ्या आणि लांब लांब असतात त्याचं कारण सुंदर आहे. चाक फिरताना दोन गोट्यांमध्ये अडकलेला गाळ बाहेर फेकला गेला पाहिजे. साध्या टायरच्या बारीक रेघा एका फेरीत भरून जातात, मग टायर गुळगुळीत गोळा होतो आणि जागेवर फिरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला तिरके पट्टे असतात तेही यासाठीच.

हवेचा खेळ तर फुकटातला. रस्त्यावर तीस-बत्तीस पौंड हवा असेल तर चिखलात ती पंधरा-अठरापर्यंत उतरवतात. टायर खाली पसरतो, जमिनीला लागणारा भाग लांबतो, पकड वाढते. पण तीच हवा ठेवून कल्याण-शीळ रस्त्यावर ऐंशीने निघालात तर टायरची बाजू तापते, फाटते, नाहीतर वळणावर टायर रिंग सोडतो. म्हणून ज्याच्याकडे हवा भरायचा छोटा कंप्रेसर नाही त्याने हवा काढूच नये. दुसरी गोष्ट, मड टायर ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर कमकुवत असतो. मोठ्या गोट्यांमुळे रबर रस्त्याला कमी टेकतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी साध्या टायरपेक्षा लांब जाऊन थांबते. चिखलातला वाघ हमरस्त्यावर घसरतो.

आता माप. जिप्सीला कंपनीचा टायर 205/70 आर 15 येतो, म्हणजे साधारण सव्वासव्वीस इंच उंचीचा. पोरं त्याला 31 इंची लावतात. हिशेब करा. चाक जवळपास पावणेपाच इंचांनी मोठं झालं, त्याच्या निम्मी, म्हणजे सव्वादोन इंचांच्या वर उंची वाढली. एवढाच फायदा. पण एका फेरीत गाडी आता 18 टक्के जास्त अंतर कापते. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 70 च्या वर असते. मोठं चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त, थांबवायला ब्रेकला जोर जास्त, आणि ब्रेक तर जुनेच. चढावर क्लच जळतो त्याचं मूळ इथे आहे. मेकॅनिक क्लचप्लेट बदलून पैसे घेतो आणि चाकाबद्दल काही बोलत नाही.

मोठं चाक मडगार्डला घासतं म्हणून मग सस्पेन्शन उचलायचं. पाट्याच्या गाडीला कमानवाला जादा पाटा घालतो किंवा पाट्याला जास्त कमान मारतो, शॅकल लांब करतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीला खाली स्पेसर बसवतात किंवा अख्ख्या उंच स्प्रिंग आणि लांब शॉकअप टाकतात. सगळ्यात स्वस्त काम स्पेसरचं, आणि सगळ्यात फसवं तेच. उंची मिळते पण चाकाला वरखाली व्हायची मोकळीक वाढत नाही. खड्ड्यात चाकाने खाली जाऊन जमीन शोधली पाहिजे, ते हवेत लटकतं. चिखलात उंचीपेक्षा ही मोकळीक जास्त कामाची. जादा पाट्यांनी कडक केलेली गाडी तर अजून वाईट. ती ओझ्यासाठी बरी, चिखलासाठी नाही. आपल्याकडे भाजीच्या आणि विटांच्या पिकअपला पाटे वाढवायची पद्धत आहे. तीच पिकअप घेऊन पोरं चिखलात जातात आणि एक चाक हवेत ठेवून अडकतात.

उचलल्यावर खाली काय बिघडतं तेही बघा. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातो. स्टिअरिंगचे टायरॉड, बॉल जॉइंट तिरके होतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. आणि वजनाचा मध्य वर जातो. पेंढ्याने शिगोशीग भरलेली बैलगाडी उताराच्या वाटेवर बघितली आहे ना? तोच प्रकार. चिखलात गाडी दहाच्या वेगाने चालते तेव्हा हे कळत नाही. रात्री घरी येताना कुत्रं आडवं आलं आणि झटक्यात स्टिअरिंग फिरवलं की कळतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्या रस्त्यांनीही लोकांना गाड्या उचलायला लावलं आहे. 2018 च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणमध्ये खड्ड्यांनी पाच जणांचा जीव घेतला होता. ज्याला रोज नेवाळी नाक्यावरून जायचं आहे तो म्हणणारच, दोन इंच उंच गाडी बरी. पण खड्ड्याला उत्तर म्हणून उचललेली गाडी आणि शर्यतीसाठी उचललेली गाडी कायद्याला सारखीच दिसते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सरळ आहे. कंपनीने मूळ जशी गाडी बनवली आणि नोंदणीच्या कागदावर जी माहिती आहे, तिच्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सीएनजी किटसारख्या काही गोष्टींना परवानगी घेऊन मोकळीक आहे. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 182-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. टायर एक, उचल दोन, पुढचा लोखंडी बंपर तीन.

हे फक्त कागदावर आहे असं वाटत असेल तर 2022 चं श्रीनगरचं प्रकरण आहे. बदल केलेल्या थारच्या मालकाला तिथल्या ट्रॅफिक कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. आधीचा गुन्हा नव्हता म्हणून प्रोबेशनवर सोडलं, पण गाडी मूळ रूपात आणायचा हुकूम झाला.

कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला जे टायरचं माप दिलं आहे तेवढ्यापर्यंत राहिलात तर सहसा कोणी विचारत नाही. मापाच्या आत राहून खोल खाचांचा टायर घेता येतो. आपल्या पट्ट्यातल्या चिखलाला तेवढा पुरतो, हे माझं मत. बाकीची उंची मोबाइलवर फोटो टाकायला लागते.

शर्यतीचं कलम वेगळं, 189. सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी संमतीशिवाय वेगाची शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. दोन्ही वेळा कैद आणि दंड एकत्रही होऊ शकतात. सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते. म्हणजे गुरचरण, नदीकाठची वाट, गावाचं मैदान ही सुटका नाही. आणि चाकावर अठरा वर्षांखालचं पोर असेल तर कलम 199-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. गावात ‘अजून लहान आहे, पण गाडी काय चालवतो’ असं कौतुक करणाऱ्या काकांनी हे वाचावं.

विम्याचं तर सगळ्यांनाच विसरायला होतं. खासगी गाडीच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची नाही याची यादी असते. संघटित शर्यत, वेगाची चाचणी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला तिला कारण मिळतं. चांगल्या कंपनीचे चार मोठे टायर लाखाच्या आसपास जातात, वर स्प्रिंगा, शॉकअप, मजुरी. एवढा खर्च करणारा माणूस पॉलिसीची दोन पानं वाचत नाही.

खाचरात काय होतं

आता आपल्या बाजूचं. भाताचं शेत वर्षानुवर्षं चिखलणी करून तयार होतं. वीत-दीड वीत खाली एक घट्ट थर बसतो, तोच पाणी धरून ठेवतो. तो आहे म्हणून खाचरात पाणी उभं राहतं. तो फुटला तर दोन दिवसांत शेत कोरडं, मग वरून कितीही पाऊस पडो.

यावर पोरांचा प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टर दोन टनांचा, जिप्सी जेमतेम एक टनाची, थार पावणेदोनच्या आसपास. मग ट्रॅक्टरने थर फुटत नाही आणि आमच्या गाडीने कसा फुटतो? फरक वजनाचा नाही, चाक कसं फिरतं त्याचा आहे. ट्रॅक्टर चालत्या माणसाच्या वेगाने जातो, चाक मोठं असतं, चिखलणीला लोखंडी केजव्हील लावलं की वजन अजून पसरतं, आणि तो एका जागी फिरत राहत नाही. शर्यतीची गाडी अडकली की चालवणारा ॲक्सिलरेटर दाबून धरतो. खोल खाचांचं चाक जागेवर गरगर फिरतं आणि करवतीसारखं खाली कापत जातं. पाच मिनिटांत गुडघाभर खड्डा. तो बुजवला तरी खालचा थर सांधला जात नाही. शेजारच्या गावातल्या एका आजींचं एक वाक्य पुरेसं आहे : ‘‘गारी गेली, न आमचे शेतान पानी थांबत नाय.’’

शिवाय बांध. भाताच्या बांधाला दोन बाजूंची माती धरून असते. त्यावरून एक गाडी गेली की वरच्या शेताचं पाणी खालच्यात, खालच्याचं ओढ्यात. गेल्या आवणीला माझ्या खाचराचा बांध असाच एका रात्री फुटला. टायरच्या खुणा होत्या, गाडी कोणाची ते कळलं नाही. लावलेलं रोप दोन दिवसांत वाहून गेलं आणि दुसरं रोप मिळेपर्यंत आठवडा गेला. अशा नुकसानीला पंतप्रधान पीक विमा मिळत नाही. कोणी मुद्दाम केलेलं नुकसान त्या योजनेतून वगळलेलं आहे. म्हणजे नुकसान ज्याने केलं त्याच्याकडूनच वसूल करायचं, दुसरा मार्ग नाही.

त्यासाठी काय करायचं? चाकांच्या खुणा पाण्याने बुजायच्या आत फोटो काढा, शेजारची ओळखीची खूण, झाड, खांब फोटोत येऊ द्या. गाडीचा नंबर दिसला तर उत्तम. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, लेखी कळवून पंचनामा मागा आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नुकसान करण्याचं कलम 324 आणि दुसऱ्याच्या जागेत शिरण्याचं कलम 329 आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि गाडी अडवून काचा फोडू नका. मग तुमच्यावरच तेच 324 लागतं.

मग बंदच करायचं का?

माझं मत, नाही. चिखलात गाडी घालायची हौस जगभर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पिकअपला, तिकडे तिला ट्रकच म्हणतात, ट्रॅक्टरचे टायर लावून चिखलाच्या खड्ड्यातून शर्यती होतात. मलेशियात 1997 मध्ये सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज 2014 पासून भारतात आली, तीही शेजारच्या गोव्यात, भर पावसाळ्यात. तिथे गाडीला आतून लोखंडी पिंजरा, हेल्मेट, पट्टे, ओढून काढायला विंच हे सगळं लागतं. वेगापेक्षा अडकलेली गाडी बाहेर कशी काढता हे बघितलं जातं. महिंद्रा कंपनीनेही इगतपुरीकडे गाडी चिखला-दगडात चालवायचं शिक्षण देणारं केंद्र काढलं. म्हणजे हा खेळ शिकून, नियमात आणि ठरलेल्या जागेत खेळता येतो.

आणि आपल्याला तर बैलगाड्याचा धडा समोर आहे. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. 2017 मध्ये राज्याने कायदा आणि नियम केले, ते कोर्टात अडकले, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने कायदा उचलून धरला. आज शर्यत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज, पन्नास हजारांची अनामत, धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा जास्त नाही. ज्यांना बंदीच्या काळात चोरून पहाटे शर्यत लावायची सवय होती, तेच आज मंडप घालून, पोलीस बंदोबस्तात घेतात. नियम आले म्हणून खेळ मेला नाही, उलट उजेडात आला. गाड्यांच्या चिखल शर्यतीला अशी स्वतंत्र नियमावली आपल्याकडे नाही. जागामालक, पोलीस, महसूल असं प्रत्येकाकडे वेगळं जावं लागतं, म्हणून पोरं कोणाकडेच जात नाहीत.

जागा नाही असं नाही. भाताची जमीन सोडा, आपल्या गावांत वरकस आणि पडीक जमीन आहे. मालकाने लेखी संमती दिली, दिवसाचं भाडं ठरलं, नुकसानीची अनामत आधी घेतली, तर पावसाळ्यात ज्या जमिनीतून काही येत नाही तिथून चार पैसे येतील. बंद खदाणीत मात्र कोणी जाऊ नये, पाण्याखालचा कडा दिसत नाही. आणि उंच केलेली, मोठ्या टायरची गाडी तिथपर्यंत चाकावर आणायची नाही, टेम्पोवर चढवून आणायची. किंवा मूळ टायर लावून यायचं, तिथे बदलायचे, संध्याकाळी परत बदलायचे. कटकट आहे, पण रस्त्यावरचा कायदा आणि जागेवरची हौस यांच्यातला रस्ता हाच आहे. टायर विकून टाकू नका रे, मूळ सेट घरात ठेवा, एवढं तर दरेक गॅरेजवाल्याने सांगायला हवं.

बघायला जाणाऱ्यांसाठीही थोडं. अडकलेली गाडी तारेने किंवा पट्ट्याने ओढत असतील तर त्या रेषेत उभं राहू नका, मोबाइल धरून तर नाहीच. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी परत येते. जाणकार लोक तारेवर मधोमध ओलं गोणपाट टाकतात, म्हणजे तुटली तरी खाली बसते. ओढायला गाडीचा मूळ हूक वापरा, बंपरला बांधू नका. पायाला जखम असेल तर पावसाच्या चिखलात उतरू नका. लेप्टो दरवर्षी याच दिवसांत येतो आणि सुरुवातीला साधा ताप वाटतो.

दरवर्षी पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. चिखल शर्यतीत एखादा जीव गेला की तसाच सरसकट आदेश निघेल आणि मग पडीक जमिनीवर भाडं मिळायची शक्यताही जाईल. त्याआधी गावाने आपलं म्हणणं लिहून द्यायला हवं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेता येतो : कोणत्या जागी चालेल, कोणत्या नाही, आवणीपासून कापणीपर्यंत भातशेतीच्या वाटा गाड्यांना बंद, आणि बांध फोडला तर भरपाई किती. ठराव झाला की प्रत पोलीस ठाण्याला आणि तहसीलदारांना द्या. जी गावं महापालिकेत आहेत त्यांना ग्रामसभा नाही. त्यांनी शेतकऱ्यांच्या सह्यांचं निवेदन प्रभाग कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात द्यावं, आणि पोच घेऊन ठेवावी.